खुर्ची सोडताना कंट्रोल-सी

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

हळदीच्या मांडवातसुद्धा सुख नाही! कळसाडीला शीलाची हळद. सख्खी मामेबहीण, तिच्यासाठी वर्षातून एकदा सुटी घेतली, आणि लॅबमधून जागृतीचे सात फोन. आज सिकलसेलचं शिबिर. डोंगरातून दोन जीपा भरून माणसं आलेली, आणि निकाल भरायला ऑपरेटर म्हणून ही एकटी.

‘मॅडम, मी टाइप करतेय पण स्क्रीनवर काहीच उमटत नाहीये. कीबोर्ड मेला वाटतं.’ इकडे डीजे, तिकडे हिचं रडगाणं. एंटर मारल्यावर पुढचा प्रश्न येतो का? ‘येतो.’ मग कीबोर्ड कुठला मेला! दिसत नसलं तरी आत जातंय गं, मारत राहा — म्हटलं. ‘एकदा बंद करून चालू करू का?’ खबरदार, म्हटलं. ते जुनं डबडं परत उठायला पाऊण तास घेतं. जीपा उजेडात घाट चढायला हव्यात.

परत फोन आला नाही. पोरगी हुशार आहे, पण प्रत्येक गोष्ट विचारून करायची खोड.

पदरावर हळद सांडली. माय म्हणते, डाग जायचा नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी लाइट गेली, आली, मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं. अक्षरं दिसायला लागली! मी काही न करता प्रश्न सुटला.

जागृतीला विचारलं, झालं काय होतं? म्हणाली, पासवर्ड अर्धा टाकला होता, तेवढ्यात रांगेत एक म्हातारी चक्कर येऊन पडली. ‘मग कंट्रोल-सी दाबून धावले मॅडम. पाटीवर लिहिलंय ना.’ पाटी माझ्याच अक्षरातली, स्क्रीनच्या वर चिकटवलेली: खुर्ची सोडताना कंट्रोल-सी. म्हणजे काम अर्ध्यात तोडायचं, मगच उठायचं. लोकांच्या आजाराची माहिती उघडी टाकून कुणी चहाला जाऊ नये म्हणून मीच केलेला नियम. शाबास म्हटलं तिला.

शनिवारी सदतीस निकाल भरले, संध्याकाळपर्यंत निकालाची सदतीस कार्डं वाटली. बिनबोभाट.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अमृत सरांनी केबिनमध्ये बोलावलं. संस्थेचे सचिव स्वतःहून बोलावतात म्हणजे झापणारच, असं वाटलं होतं. तर — महिला दिनाला माझा सत्कार! पुरुषोत्तमनगरच्या सभागृहात, जाहीर. ‘सात वर्षांत एकदाही न चुकलेली प्रणाली, मॅडम, एकटीने उभी केलेली.’ मी आपलं ‘कशाला सर, कशाला’ केलं. मनातून उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला लिहू!

मायला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, ‘साडी कोनती नेसशी?’

१९ फेब्रुवारी, बुधवार

क्रमाने लिहिते.

दुपारी एक माणूस मुलीला घेऊन आला. मुलगी कोकिळा, आश्रमशाळेत नववीला. पळते. विभागाच्या स्पर्धेत नाव होतं तिचं. आमच्या शिबिरात तिला ‘रोगी’ लिहिलेलं कार्ड मिळालं. शाळेने त्याच आठवड्यात तिचं नाव काढलं, मैदानावर पाय ठेवू दिला नाही. बापाचा विश्वास बसेना, त्याने नंदुरबारला पुन्हा तपासलं. निरोगी! दोन्ही कागद त्याने सरांच्या टेबलावर ठेवले आणि गप्प उभा राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. स्पर्धा रविवारी होऊन गेली.

सरांनी जागृतीला हाक मारली. निकाल कुणी भरला? ‘मी, सर.’ डोळे कुठे होते? ती म्हणाली, ‘सर, त्या दिवशी टाइप केलेलं दिसत नव्हतं. मी मॅडमना फोन करून विचारलं होतं.’

सर माझ्याकडे वळले. आणि मी काय बोलले? — ‘दिसत नसलं तरी बघून, मोजून भरता येतं, सर.’

हे माझ्या तोंडचं वाक्य आहे. जसंच्या तसं उतरवलं, म्हणजे उद्या मलाच फिरवता येणार नाही.

जागृतीने माझ्याकडे पाहिलं, एकदाच. सर म्हणाले, उद्यापासून तिने यायचं नाही. तिने कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली, डबा पिशवीत घातला, ‘येते मॅडम’ म्हणाली आणि गेली. येते म्हणाली! तिच्या पाड्यावरची नोकरी करणारी पहिली मुलगी. सहा वर्षांपूर्वी मीच निवडली होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जेवणाच्या सुटीत सगळे बाहेर गेल्यावर मशीनसमोर बसले. पासवर्ड अर्धा टाकला आणि कंट्रोल-सी दाबलं. काम तुटलं. मग साधं माझं नाव टाइप केलं. एक अक्षर उमटलं नाही.

तरी म्हटलं, ठीक आहे, पुन्हा सुरू केल्यावर येईल. सुरू केलं, पासवर्ड नीट पूर्ण टाकला. तरी काही नाही! मग मात्र माझ्याच स्क्रिप्टचं बाड उघडलं आणि ओळीओळीने वाचत गेले.

सोपं आहे. इतकं सोपं, की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पासवर्ड कुणी वाचू नये म्हणून स्क्रीनला मी सांगते — अक्षरं दाखवू नको. पासवर्ड संपला की सांगते — आधी होतीस तशी हो. मध्येच कुणी कंट्रोल-सी मारलं तर ही दुसरी ओळ येतच नाही. स्क्रीन आंधळीच राहते. आणि पुढच्या वेळी सुरू करताना माझी स्क्रिप्ट शहाण्यासारखी आधी नोंद घेते की आत्ता स्थिती काय आहे. स्थिती काय? आंधळी. तीच जपून ठेवते, आणि शेवटी इमानेइतबारे तीच परत देते. जागृतीने पन्नास वेळा सुरू केलं असतं तरी तेच झालं असतं.

कुठूनही तुटलं तरी आधी स्क्रीन जागेवर आण, मग बाहेर पड — एवढी एक ओळ वर लागते. शिकाऊ पोरांना मी पहिल्या महिन्यात शिकवते ती! स्वतः घातली नाही. आणि घातली नाही ती नाहीच, वर पाटी लावली, की उठताना तोडून उठा म्हणून.

मग न दिसता स्क्रीनला ताळ्यावर आणायचा हुकूम टाइप केला — एसटीटीवाय, जागा, सेन, एंटर. अक्षरं परत आली. पाच सेकंद लागले. त्या दिवशी फोनवर एवढंच सांगायचं होतं. मी काय सांगितलं, तर मारत राहा.

ओळ घातली. पाटी काढली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अंघोळ करताना डोक्यात आलं आणि तशीच उभी राहिले. कोकिळाच्या कार्डावरचं ‘रोगी’ आलं कुठून? ते मशीनने हवेतून काढलं नाही. ते कुणाचं तरी आहे. म्हणजे त्या शनिवारी कुणीतरी खरं रोगी माणूस ‘निरोगी’चं कार्ड घेऊन डोंगर चढून गेलं!

सरांच्या डोक्यात हे आलंच नाही. त्यांच्या लेखी कोकिळाचं दुरुस्त झालं, ऑपरेटर गेली, विषय संपला. डॉक्टर फक्त शिबिराला येतात, त्यांना कुणी कळवलंही नाही.

तपासणी करणारे दगाभाऊ सगळे निकाल आधी वहीत पेन्सिलीने लिहितात, रांगेच्या क्रमाने. ती वही घेतली आणि मशीनमधल्या यादीशेजारी ठेवली. एकविसाव्या माणसापाशी कळलं. स्क्रीनवर नुसतं ‘निकाल?’ ‘निकाल?’ येत राहतं. कितवा माणूस चाललाय तो नंबर दाखवायची तसदी मी घेतलेली नाही. एरवी निकालाचे मारलेले आकडे एकाखाली एक दिसतात, म्हणून चुकत नाही. त्या दिवशी आकडेच नव्हते. एकविसाव्याचा गेला की नाही अशी शंका आली असेल, तिने परत मारला. तिथून सगळे एकेक घर खाली सरकले. पंचविसाव्यापाशी एक राहून गेला आणि गाडी परत रुळावर आली. मधले बाकीचे सगळे निरोगीच, त्यांना फरक पडला नाही. फरक पडला दोघींना. तेविसावी कोकिळा. बाविसावी भुरीबाई.

भुरीबाई, वय चोवीस. नवऱ्याचं नाव उदेसिंग. वरच्या पाड्यावरची. शेऱ्यात दगाभाऊंनी लिहिलंय: पाचवा महिना.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दिलेला फोन बंद. शनिवारी बंद, काल बंद, आज बंद. तिच्या पाड्याच्या आशाताईला विचारलं तर म्हणाली, शिबिर झालं त्याच आठवड्यात दोघं ऊसतोडीला गेली, बारडोलीकडे. तोडणीवाल्यांच्या कुठल्या तळावर, कुठल्या पडावावर, तिला माहीत नाही. मुकादम कोण तेही माहीत नाही. ‘सरांनी संस्थेच्या पत्रावर कारखान्यांना विचारलं तर दोन दिवसांत सापडतील, मॅडम.’

सरांनी विचारलं तर. म्हणजे सरांना सांगितलं तर.

मशीनमध्ये तिची नोंद बदलली. नवीन कार्ड छापलं. पर्समध्ये ठेवलं. होळीला डोंगरातलं एकूण एक माणूस घरी येतं. गुजरातेत असो नाहीतर आणखी कुठे, होळी चुकवत नाहीत. तेरा मार्चला होळी. तेव्हा हातात देईन. सतराच दिवस आहेत.

१ मार्च, शनिवार

आज सांगायचंच म्हणून केबिनमध्ये गेले. सर सत्काराचा बॅनर बघत होते. माझा फोटो — त्यात मी केवढी गोड दिसतेय! ‘नावाआधी श्रीमती लिहू की कुमारी?’ कुमारी लिहा म्हटलं. रजेच्या अर्जावर सही घेतली आणि बाहेर आले. रजा नको होती मला.

माय म्हणाली, ‘काय व्हयनं तुले? ताट तसंच शे.’ डोकं दुखतंय म्हटलं.

५ मार्च, बुधवार

दगाभाऊ हळूच सांगत होते. ‘मॅडम, जागृतीना फोन उना व्हता. त्या शनिवारनं पान वाचाले लावं तिनी माले. एकवीस ते तीस.’

एकवीस ते तीस! तिलाही कळलं तर. पुरावा गोळा करतेय. संस्थेत जाईल, नाहीतर पेपरात देईल. आठ तारखेच्या आधीच! सहा वर्षं शिकवलं, त्याची ही परतफेड? असं सगळं डोक्यात आलं, याच शब्दांत आलं. लाज वाटते, पण आलं.

आणि मग मी काय केलं? सरांकडे गेले. कार्डाचं सांगायला पाय उचलत नव्हता तो यासाठी बरा उचलला. म्हटलं, सर, वह्यांमधली माहिती बाहेर जातेय, कामावरून काढलेल्या माणसाला वाचून दाखवतात. सर भडकले. दगाभाऊंना बोलणी बसली, वह्या कपाटात कुलूपबंद. किल्ली माझ्याकडे.



८ मार्च, शनिवार

शाल. श्रीफळ. टाळ्या. मीही दोन शब्द बोलले. काय बोलले ते लिहीत नाही.

फोन लावला. बंद.

११ मार्च, मंगळवार

होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार सुरू झाले. गुजरातेतून माणसं परतायला लागली. ट्रक, टेम्पो, एसटीच्या टपावर गाठोडी. काल आणि आज, दोन्ही दिवस स्टँडवर जाऊन उभी राहिले, उतरणाऱ्या बायांना विचारत सुटले. भुरीबाई आली का? उदेसिंगची भुरीबाई? एक म्हातारी हसली, ‘भुऱ्या खूप आहेत बाई, तुला कुठली पाहिजे?’ कपाळावर लिहिलेलं असतं तर बरं झालं असतं.

सातवा महिना लागला असेल. ऊस तोडून मोळी डोक्यावर घ्यायची, ट्रॉलीत चढवायची. या आजारात अंगातलं पाणी कमी झालं, दमछाक झाली की सांधे धरतात, छाती भरते. आणि डॉक्टर कार्ड बघणार. कार्डावर निरोगी. मग अंगदुखीचं इंजेक्शन देऊन परत फडात पाठवणार. हे मला वीस दिवसांपासून माहीत आहे. वहीत लिहायला आज धजले.

१४ मार्च, शुक्रवार

काल लॅब अर्धा दिवस बंद ठेवून वर गेले. जीपने तीन तास, पुढे पायी. पाड्यावर ढोल, मोरपिसांचे टोप, कमरेला घुंगरं. प्रत्येक घरात पाहुणे. एका घराला तेवढी कडी लावलेली.

शेजारच्या धनुबाईला विचारलं. ती माझ्याकडे, मग माझ्या पर्सकडे बघत राहिली. ‘नाही आली ती. सगळी आली, हीच दोघं नाही आली. निरोप पण नाही.’ होळी चुकवली म्हणजे काहीतरी वाईट घडलंय, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. तिने पाणी दिलं, बसायला खाट दिली. मला बसवेना.

उतरताना पर्समध्ये कार्ड तसंच. सतरा दिवस मी होळीची वाट बघितली. वाट बघितली म्हणजे काय केलं, तर काही केलं नाही.

१६ मार्च, रविवार

पत्र लिहिलं. तीन पानं. फोनवर काय सांगितलं, स्क्रिप्टमध्ये काय चुकलं होतं, कधी कळलं, कार्ड कधी छापलं, सगळं तारखांसकट. जागृतीला परत घ्या, माझा राजीनामा घ्या, आणि आधी भुरीबाईला शोधा. उद्या सकाळी सरांच्या टेबलावर. मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘आधी का नही सांगं?’

१७ मार्च, सोमवार

पत्र हातातच होतं. सरांच्या केबिनमध्ये आधीच एक माणूस बसलेला, टोपी हातात घेऊन. उदेसिंग.

भुरीबाई आहे. सुरतेच्या सरकारी दवाखान्यात, रक्त चढवलंय. बाळ गेलं. दवाखान्यात तिला जागृतीने नेलं. आठ दिवस एकटी पडावापडावावर नाव विचारत फिरली, सापडली तेव्हा भुरीबाईला श्वास लागला होता. अजून तिच्या उशाशी बसलीय. उदेसिंग त्यासाठीच आला होता. सरांपुढे हात जोडून म्हणत होता, ‘पोरगी रडते साहेब, माझ्या हातानं झालं म्हणते. लहान आहे, चुकली. तिला माफ करा, कामावर घ्या.’

मी म्हटलं, ती चुकली नाही. मी चुकले. मला महिनाभर माहीत होतं.

सर उठून उभे राहिले. उदेसिंगने त्यांच्याकडे बघितलंही नाही. माझ्याकडे बघत होता. रागावला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, म्हणून त्याने विचारलं, ‘मग तुम्ही का नाही आल्या, मॅडम?’